उलटा जाळ

परभणी. पहाटेचे चार, पारा पाचाच्या खाली.
वसतिगृहाचा बॉयलर मढ्यासारखा गार.
जैतूनबी झडप उघडते,
खाली तुराट्या, वर बाभळीच्या ढलप्या,
काडी ओढते. दुसरी. तिसरी.

"घाई केली की रुसतंय हे," म्हणते,
"आधी निखारा होऊ द्यायचा मूठभर,
मग झडप लावायची, पंखा सोडायचा."

पंखा घुमतो. धूर वर जायचा सोडून
खाली वळतो, भोकातून उतरतो
आणि तिथं पेटतो, धूरच पेटतो, निळसर,
डोकं खाली करून.

"चाळीस वर्षं चुलीपुढं
ह्योच धूर डोळ्यांत भरला.
ह्यो बी जळतो, कुणी सांगितलंच न्हाई."

वर नळाला पहिली बादली
अजून गारच. पोरी ओरडतात.
तीही ओरडते, "थांबा गं, लोखंड तापतंय आधी!"