काड्या

रात्रीचा खेळ सुटला की वडगावच्या नाक्यावर
चहाच्या टेबलावर काड्यापेटी उघडते.
पाच काड्या म्हणजे पैसा वसूल,
एक म्हणजे झोप तरी झाली.

भरमूनं दोन ठेवल्या. "हिरो पळतोय नुसता.
आठ तास मागावर उभा कर त्याला, मग बघू."
मोनाप्पा फायटिंगवर खूश, गाण्यांवर नाराज, तीन.
कल्लाप्पानं पाचही ओतल्या
एका वाक्यासाठी.
बाप बंद दाराला सांगतो ते:
तू उघडू नकोस, मी इथंच म्हातारा होतो.
"असला डायलॉग आपल्यात कोण लिहितंय, सांग की!"

बसलिंग बशीत फुंकर घालत गप्प.
कन्नड पिक्चर असला की तो मधल्या खुर्चीत,
डावीकडं उजवीकडं कुजबुजत मराठी करून देतो.
इंटरव्हलचा वडा आमच्याकडून.

"ते वाक्य," तो म्हणाला, "पिक्चरमधी नाही.
बाप तिथं नुसता उभा होता.
तुम्ही 'काय म्हणाला, काय म्हणाला' लावलात,
मग मीच…"

गल्लीतून मागाची खटखट.
कल्लाप्पा काड्या परत पेटीत भरायला लागला,
तिसरीला थांबला.
"म्हण की ते परत.
कन्नडमधी."