अनुभव असल्यास प्राधान्य

एकेचाळीस प्रयोगशाळांना पत्रं गेली.
उत्तरं तीन.
एक आपोआप आलेलं: प्राध्यापक रजेवर आहेत.
दुसरं विचारतं, आधीचा काही अनुभव?

मोरॅग पिक्टूच्या बंदरात, मामाच्या बोटीवर
लॉबस्टरच्या नांग्यांना रबर चढवते आहे,
चौथा हंगाम.
अंडीवाली मादी अंधारातही बोटांना कळते,
तिला परत पाण्यात सोडायचं.
कात नुकतीच टाकलेला कवचाआडून दबतो, पिकल्या पेरूसारखा.
हे कुठल्या रकान्यात भरायचं?

तिसरं प्रेमळ आहे:
जागा आहे, पैसे नाहीत. येशील?

भाड्याचा आकडा ती बर्फाच्या खोक्यावर
नखानं लिहिते.
मामा म्हणतो, दोर धर.

रात्री, हाताला आमिषाचा वास,
'हो' लिहून खोडते.
मग विचारते,
फक्त रविवारी आले
तर चालेल का?