तिसऱ्या रांगेसाठी

ओर्फा किटरिज, माझ्या आजीची थोरली बहीण,
एकोणिसाव्या वर्षी म्हातारी झाली.
इंडियानातल्या मन्सी गावी
आईचं काम करणारी बाई तापानं फणफणली, म्हणून
मॅनेजरनं हिच्या केसांत गव्हाचं पीठ चोळलं,
जळक्या बुचानं कपाळावर चार रेघा ओढल्या,
म्हणाला, वाक थोडी.
ती वाकली.
पुढची पन्नास वर्षं सरळ हो असं कुणी म्हटलं नाही.

तिच्या हिशेबाच्या वहीत नाटकांची नावं नाहीत.
'आई, विधवा. आई, आंधळी. मावशी, बहिरी, विनोदी.
पिओरिया : खानावळीत ढेकूण.
आई, दुसऱ्या अंकात मरते.'
तिच्याहून सहा वर्षांनी मोठा नायक
रोज रात्री तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायचा
आणि पडदा पडला की
खानावळवालीच्या मुलीला फिरायला न्यायचा.
एका पानावर नुसतं 'हॅरिसबर्ग. बर्फ.'
तेही खोडलेलं.

मग हडसनपलीकडे, फोर्ट लीच्या काचेच्या शेडमध्ये
दिवसाला पाच डॉलर आणि जेवण.
दिग्दर्शक भोंग्यातून ओरडायचा :
दार उघड! बघ! दचक!
बोलायचं काहीही, ऐकू कुठं जाणार होतं?
पडद्यावर पाटी : 'तो आघाडीवर गेला, पोरी.'
तिच्या तोंडी : बूट चावतायत मेले,
आणि कोळसा ओला आहे.

आणि एक दिवस पत्र.
ऍक्रनच्या मूकबधिर शाळेतल्या मिस अल्मीरा पूलचं.
'आम्ही दर शनिवारी तिसऱ्या रांगेत बसतो.
सगळं थिएटर रुमाल काढून मुसमुसत होतं
आणि आमची सतरा मुलं पोट धरून हसत होती.
बुटांत कापूस घालून पाहा.'

त्यानंतर ती बोलायला लागली.
मरणाच्या खाटेवरून अंड्यांचा भाव.
मुलाला निरोप देताना :
आज माझा वाढदिवस, सदतिसावा, कुणाला सांगू नका.
एकदा खुनाच्या खटल्यात, शपथ घेऊन,
साताचा अख्खा पाढा.
ऍक्रनहून उत्तरं यायची.
कुणाची दाढ दुखते, कोण सुतारकाम शिकतोय.

मग कॅलिफोर्निया. फुलदाणीत लपवलेला माइक.
शेवटच्या बाकापर्यंत पोचायला घडवलेला तिचा आवाज;
साउंडवाल्यानं कानावरचे कर्णे काढून फेकले.
तेव्हापासून तिला मिळाल्या
न बोलणाऱ्या बायका.
पाट्या गेल्या तशी तिसरी रांगही उठून गेली.
मिस पूलचं शेवटचं पत्र दोन ओळींचं :
मुलांना आता नुसती तोंडं हलताना दिसतात,
गोष्ट कळत नाही.

सत्तरीत मेकअपच्या पोरानं
तिच्या सुरकुत्यांवर सुरकुत्या काढल्या.
तुमच्या खऱ्या, मॅडम, लाइटमध्ये उठत नाहीत.
ती हसली म्हणे. वाकून बसली.

त्या चित्रपटाची एकच रीळ उरलीय.
तिचा शॉट अकरा सेकंदांचा :
नायिका पुढं रडतेय,
ही मागं खिडकीशी वाटाणे सोलतेय.
ओठ हलतात. आवाज नाही.
मी चौदा वेळा पाहिलं. मध्येच ओठ मिटतात,
म्हणजे म असेल, किंवा ब, किंवा प.
त्यापुढं मला वाचता येत नाही.

ऍक्रनला एक म्हातारा सुतार आहे, शहाण्णव वर्षांचा.
तो कडेच्या खुर्चीत बसायचा.
मंगळवारी निघतेय, रीळ घेऊन.
त्याची नजर अजून चांगली आहे,
असं त्याच्या नातीनं कळवलंय.