आठ तास

आडनाव आधी, मग नाव, मग जन्मतारीख.
रजिस्ट्रीला माझं एवढंच पुरतं.
ऑस्टरहाउस, व्हर्ला जून.
पडद्यावर काहीतरी गोल गोल फिरतं, थांबतं,
आणि एका ओळीत मावते मी:
क्रमांक. गैरवर्तनाची नोंद: नाही.
मुदत: शुक्रवारी संपते.

एकवीस वर्षं नेब्रास्कातल्या म्हाताऱ्यांना
या कुशीवरून त्या कुशीवर वळवत आले,
आणि त्या सगळ्यातलं राज्याला ठाऊक एवढंच
की मी कोणाला मारलं नाही.
असो. हेही काही कमी नाही.

खाली प्रश्न आहे:
गेल्या चोवीस महिन्यांत निदान आठ तास
पगारी काम केलंत का?
हो. नाही.
दोन वर्तुळं, वाटाण्याएवढी.

चोवीस महिने मी आईपाशी होते.
दर दोन तासांनी कूस,
टाचांखाली उशी, कवळी पेल्यात,
लघवी मोजून गॅसच्या बिलामागे लिहायची,
कोणी विचारणारं नव्हतं तरी.
बाही घालताना दुखरा हात आधी,
काढताना तोच शेवटी:
परीक्षेला हेच आलं होतं मला.
तेव्हा एक बाई घड्याळ धरून उभी होती.
आईच्या खोलीतलं घड्याळ मीच बंद केलं,
टिकटिक तिला पावलांसारखी वाटायची.

फोनवरचा माणूस भला होता.
म्हणाला, घरच्या माणसाचं धरत नाहीत, मॅडम.
पगार मिळाला होता का?
मिळाला होता.
एकदा मला स्वतःची बहीण समजून
म्हणाली, जाऊ नकोस, मी पैसे देते.
नंतर उशीच्या अभ्र्यात सापडलं नाणं,
पंचवीस सेंट.
हे काही त्याला सांगितलं नाही.

रात्री बटणांचा डबा उपडा केला टेबलावर,
मग बुटांचं खोकं, मग बायबलमधले कागद.
तिथे ती स्लिप.
नोकरी सोडून तेव्हा आठवडा झाला होता,
आईला सोमवारी दवाखान्यातून आणायचं होतं,
आणि वादळ आलं. रस्ते गेले.
ग्वेन प्रोहास्काचा फोन: व्हर्ला, इथे मी एकटी आहे,
तुझंच घर काय ते जवळ.
गेले कुंपणाच्या तारेला धरून,
गुडघाभर बर्फातून, वर कोटाखाली नाइटगाऊन.

ऑर्व्हल टाइखमायर त्या रात्री विचारत राहिले,
वासरांना घातलंस का?
घातलं, म्हटलं.
फाटक लावलंस?
लावलं.
दहा मिनिटांनी पुन्हा वासरं, पुन्हा फाटक.
चार वाजता विचारायचे थांबले.
मी तरी म्हटलं एकदा, लावलंय.

स्लिपवर लिहिलंय: तास पावणेचौदा,
जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी वजा.
जेवले नव्हते मी.
तारीख बघते, बोटांवर मोजते,
पुन्हा मोजते, बारक्या पोरीसारखी:
चोवीस महिन्यांत बसायला नऊ दिवस शिल्लक.

सकाळी ग्वेनने सही केली उभ्याउभ्याच,
पेन फुंकून, कारण शाई गोठली होती.
म्हणाली, तू ये गं परत, माणसं नाहीत.
तिच्या डोळ्यांखाली काळं.
मी म्हटलं, बघू.

गुरुवारी दुपारी: चालू.
मुदत: पुढची दोन वर्षं.
भाचीचा लॅपटॉप मिटणार, तेवढ्यात
का कोण जाणे, वरच्या चौकटीत
आईचं आडनाव टाकलं, मग नाव, मग जन्मतारीख.
गोल गोल फिरलं बराच वेळ.
अशी नोंद सापडली नाही.
कृपया स्पेलिंग तपासा.

तपासलं.
बरोबर होतं.