अकराव्या रकान्यातलं ‘नाही’

नोव्हेंबरात ओउलूमध्ये दुपारी तीनलाच दिवे लागतात.
माझ्या खोलीत तर ते सकाळपासून जळत असतात.
आउने सिपोला भिंतीला धरून आत आली,
बूट दारातच काढले, पायानंच पायातला, न वाकता.
वय एकाहत्तर. समोरच्या बेटावर राहते, एकटी.
चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकलेला,
मधली नस चिमटीत धरल्यासारखी.
एवढं फोटोत दिसतं.
पुढचं दिसत नाही,
म्हणून मला पगार मिळतो.

पंचवीस प्रश्न. मी विचारते, टाइप करते.
सतरा हजार पाठींचं दुखणं गिळून बसलेलं यंत्र
शेवटी एक आकडा सांगतं.
ना पत्रिका, ना हाताच्या रेषा:
साखर किती, जिन्याच्या पायऱ्या किती,
झोप लागते का,
कधी सगळं नकोसं वाटतं का.
(या प्रश्नाला सगळेच खिडकीकडे बघतात.
तीही बघितली. “हिवाळ्यात,” म्हणाली.)

मग अकरावा. सिगारेट?
“नाही. सोडली.”
तिच्या लोकरीच्या कोटाला ताज्या धुराचा वास होता.
बोटं पिवळी होती.
धूर हाडं जुळू देत नाही,
हे मला ठाऊक, यंत्राला ठाऊक,
आणि तिच्या मांडीवर गच्च धरलेल्या पिशवीकडे बघून वाटलं,
तिलाही ठाऊक.

मी टाइप केलं: नाही.

सत्तावन्न.
खरं लिहिलं असतं तर चव्वेचाळीस.
नंतर एकटीनं करून पाहिलं, मग पुसलं.
डॉक्टर हिल्तुनेन पन्नासच्या खाली सहसा सुरी उचलत नाहीत.

“सत्तावन्न म्हणजे काय?” तिनं विचारलं.
मी म्हटलं, तुमच्यासारख्या शंभर बायका असतील तर...
“माझ्यासारख्या शंभर?” ती हसली, कमरेत कळ आली, थांबली.
“माझा नवरा बर्फाची जाडी मोजायचा.
समुद्र गोठला की बेटापर्यंत रस्ता व्हायचा,
तो चाळीस ठिकाणी भोकं पाडायचा, आकडे वहीत लिहायचा.
गाडी जाते ती एक्केचाळिसाव्या जागेवरून, असं म्हणायचा.
बर्फावर पट्टा लावायचा नाही, हेही त्यानंच शिकवलं.
बुडायची वेळ आली तर दार उघडता यावं.”
जरा गप्प बसली.
“पण मोजल्याशिवाय त्यानं कुणाला जाऊ दिलं नाही हो.
एकदाही नाही.”

तेव्हाच बोलायला हवं होतं मी.

मार्चमध्ये ऑपरेशन झालं. सहा स्क्रू, दोन सळ्या.
पुढच्या मार्चला टपालानं फॉर्म आला,
निळ्या पेनानं भरलेला, अक्षर खाली उतरत गेलेलं.
पाठीतली वेदना, दहापैकी: सहा.
आधी सात होती.
एकानं काही होत नाही, आमच्या हिशेबात हे अपयश.
हाड पुरतं जुळलेलं नाही, असं फोटोही म्हणतो.
शेवटचा प्रश्न: हे ऑपरेशन पुन्हा कराल का?
‘हो’वर तिनं दोनदा गोल केला होता, कागद फाटेपर्यंत.
आणि समासात, जिथं काही विचारलेलंच नाही:
“मोजे आता माझे मी घालते.
सिगारेट जूनमध्ये सुटली. तुम्हाला तेव्हाच माहीत होतं ना?”

समास यंत्राला वाचता येत नाही.
मी रकान्यात सहा भरले, हो भरलं.
अकरावा रकाना उघडून बराच वेळ बसले.
बदलता आला असता.
बदलायला कारण लिहावं लागतं,
आणि खाली सही.

आता सतरा हजार एकशे नऊ झालेत.
आज सकाळी एक माणूस आला, लाकडाच्या ट्रकवरचा ड्रायव्हर,
सिगारेट कधीच ओढली नाही म्हणाला, आणि खरंच ओढली नव्हती.
त्याचा आकडा अपेक्षेपेक्षा जरा कमी आला.
अगदी जरासा.
न ओढणाऱ्यांतही कुणाचं तरी हाड जुळलं नव्हतं,
असं यंत्र शिकलंय.

त्यानं विचारलं, “हे किती बरोबर असतं?”
बाहेर समुद्र गोठायला लागला होता,
रस्ता अजून उघडला नव्हता.