तांब्याची शेवटची जोडी

माल्व्हर्नच्या उतारावर बारा नंबरचं घर.
कामाच्या यादीत एवढंच :
तांब्याची जुनी लाइन बंद करणे, फायबर जोडणे.
वेळ पंचेचाळीस मिनिटं.
ग्राहक वृद्ध, सावकाश बोला.

मी सावकाश बोललो.
लेनर्ड ट्रेहर्न म्हणाले, "ऐकू येतं मला.
पटायला वेळ लागतो, एवढंच."

जिन्याखाली मुरंब्याच्या बरण्या,
त्यांच्यामागे राखाडी रंगाची लोखंडी पेटी,
पेटीवर ग्लेनिसबाईंची इस्त्री.
"ही? हिच्यातून आम्ही समुद्रापलीकडे
पहिलं वाक्य धाडलं."
"काय होतं वाक्य?"
"तुमच्याकडे किती वाजले?"
"मग?"
"उत्तर गुरुवारी आलं."

हसता हसता मला मामा आठवले.
मुळा कालव्यावर पाटकरी होते,
रात्री दोनच्या पाळीला खांद्यावर फावडं, हातात कंदील.
फळी उचलायची, फळी टाकायची.
पाणी उसाला जातंय की भाऊबंदकीला,
पाटकऱ्यानं विचारायचं नसतं.
हे मी माझ्या इंग्रजीत सांगू गेलो,
पाटाच्या फळीला शब्द सापडेना,
हातांनीच उचलून दाखवली.

म्हातारा खुर्चीतून अर्धा उठला.
"तेच! अगदी तेच करायचो आम्ही.
अकरा जण होतो.
कोण कुठून बोलतोय, शुद्धलेखनावरून कळायचं.
आता पोरं येतात मुलाखत घ्यायला,
विचारतात, दाराला कडी का नाही ठेवलीत?
अरे, अकरा जणांत कडी कुणासाठी?
मग बारावा आला.
त्यालाही चहा दिला."

पुढे ते काही बोलले नाहीत.
भिंतीवर निवृत्तीच्या दिवशी मिळालेला वायुभारमापक,
काटा 'बदल'वर अडकलेला.
ग्लेनिसबाई म्हणाल्या, "एकोणीस वर्षं तिथंच आहे तो."

तार कापण्याआधी त्यांनी हात वर केला. थांबा.
जुन्या फोनचा रिसीव्हर उचलून
कानाशी धरला,
गाभण म्हशीच्या पोटाला कान लावावा तसा.
मग माझ्याकडे दिला.
एकसुरी गुणगुण. बस.
रोज चार घरांत मी हीच बंद करतो,
ऐकली मात्र कधी नव्हती.

कापली.
आवाज झाला पकडीचा, तारेचा नाही.

आता टॅबवर सही.
त्यांचं बोट कोरडं, काचेला उमटेना.
दोनदा, तीनदा.
टॅबनं विचारलं : ग्राहक उपस्थित नाही का?
खाली 'होय'चं हिरवं बटण, मोठं, सोयीचं.
ग्लेनिसबाईंनी ओला स्पंज आणून
नवऱ्याचं बोट पुसलं,
शाळेत निघालेल्या पोराचं पुसावं तसं.
तेव्हा कुठे एक वेडीवाकडी रेघ उमटली.

"या, मळा बघून जा," म्हणाले.
मळा म्हणजे परसातला चार वाफ्यांचा तुकडा.
घेवड्याच्या काठ्यांवरून, बेरीच्या झुडपांवरून
तपकिरी चकचकीत फीत ताणलेली,
वाऱ्यावर फडफडणारी.
"पाखरांसाठी," म्हणाले. "चकाकली की पळतात."
"काय आहे हिच्यावर?"
"पहिली तीन वर्षं. सगळी.
वाचणारं यंत्र आधी मेलं,
संग्रहालयाचं पत्र नंतर आलं."

एक कबुतर त्या फितीखालीच निवांत बेरी टिपत होतं.
आम्ही दोघांनी पाहिलं,
दोघंही काही बोललो नाही.

निघताना पिशवीभर घेवडा दिला.
मी नको नको म्हणालो, नियमात बसत नाही.
"नियम," ते म्हणाले, "आम्ही पेन्सिलीनं लिहायचो."

गाडीत नकाशा म्हणाला : पुढचं घर चौदा मिनिटांवर.
खाली दरीत दुपारीही खिडक्यांमधून
निळसर उजेड पाझरत होता,
कुणाच्या वाफ्यात किती, मी पाहिलं नाही.

पिशवीचं तोंड त्याच फितीनं बांधलेलं होतं.
घट्ट गाठ, जुन्या हाताची.
रात्री बायकोनं ती कात्रीनं कापली.
घेवडा कोवळा निघाला.