तीन गोळे

अशोक चौकात लाल दिवा लागला
की आई पदर नाकाला लावते आणि मोजते.
एकशे दहापर्यंत.
पुढे धूर सोडणारी रिक्षा, मागे उसाची ट्रॉली,
डावीकडे पाइपलाइनसाठी खणलेला रस्ता
पाऊण वर्ष नुसता उडतोय.

डॉक्टरांनी प्लास्टिकचं खेळणं दिलंय.
तीन नळ्या, तीन गोळे. श्वास ओढा, गोळे वर.
निळा चढतो.
पांढरा थरथरतो, बसतो.
तिसऱ्याची आणि आमच्या घराची अजून ओळख नाही.

"विडी ओढायचात?"
"वळायचे," आई म्हणाली. "हजारावर मजुरी.
ओढली दुसऱ्यांनी."

आमच्या तेलुगूत श्वासाला ऊपिरी म्हणतात.
रात्री दोनला ती उठून बसते,
खिडकी उघडावी की लावावी, ठरेना.
शेजारचे लूम चालू.
जाळीवर रुईचा थर, पांढरा.
मी पुसला तर बोट काळं.

सकाळी भाचीनं, श्रीवल्लीनं, खेळणं पळवलं.
एकच दम, आणि तिन्ही गोळे
टक टक टक, छताला.
आईनं टाळ्या वाजवल्या,
हसता हसता खोकली,
पाण्याचा तांब्या चाचपत म्हणाली,
हिची शाळा कुठल्या रस्त्याला रे?